दारू सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

कोल्हापुरात माणसाचं काहीही झालं तरी बोर्ड लागतो. वाढदिवस, निवड, बढती, पोरगं दहावी पास झालं, बैल शर्यतीत पहिला आला, कुणी वारलं. ही माझी तक्रार नाही, कारण या बोर्डांवरच माझं घर चालतं. राजारामपुरीच्या एका गल्लीत माझं छपाईचं दुकान आहे. बाकीचे लोक ज्याला फ्लेक्स म्हणतात त्याला आमच्याकडे 'डिजिटल' म्हणतात. इतकी वर्षं मी लोकांचे चेहरे गोरे केले, पोटं आत घेतली, टकलावर केस लावले, पाठीमागं वाघ उभे केले. ज्याला गल्लीतलं कुत्रंही ओळखत नाही त्याला 'युवकांचे आशास्थान' केलं. त्यामुळे बोर्डावरचं किती खरं आणि किती खोटं हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

या धंद्याबरोबरच माझी दारूही वाढत गेली. आधी फक्त रविवारी, मग बुधवारी आणि रविवारी, मग वार बघायचं सोडून दिलं. शेवटी शेवटी तर सकाळी शटर उघडायच्या आधी थोडी घ्यावी लागायची, कारण त्याशिवाय माउसवरचा हात स्थिर राहत नव्हता. फोटो कापताना माणसाच्या कानाचा तुकडा उडायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मालक, कान कुठं गेला? मी म्हणायचो, कॉम्प्युटर जुना झालाय.

तरीही मी दारुडा नाही याचा पक्का पुरावा माझ्याकडे होता. मी श्रावण पाळायचो. आमच्याकडे हे सर्टिफिकेट फार चालतं. आखाडात गळ्यापर्यंत प्यायचं, श्रावण लागला की महिनाभर थेंबाला शिवायचं नाही, आणि श्रावण संपला की ये रे माझ्या मागल्या. बायको काही बोलायला लागली की मी श्रावण तिच्या तोंडावर फेकायचो. महिनाभर सोडू शकतो तो माणूस व्यसनी कसा, असं विचारायचो. ती बिचारी गप्प बसायची आणि मला वाटायचं, मुद्दा जिंकला.

ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी पहिला सोमवारसुद्धा निभला नाही. दिवसभर उपास केला, संध्याकाळी देवाला जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि परमिट रूममध्ये जाऊन बसलो. कपाळाला भस्म होतं. ते पुसावं हेही सुचलं नाही. घरी आल्यावर बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि उपास सोडायचं ताट वाढलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्या ताटासमोर बसून मला पहिल्यांदा भीती वाटली. माझा पुरावा संपला होता.

त्याच आठवड्यात दुकानात एक गृहस्थ आले. हुपरीचे, चांदीचे पैंजण करणारे. साठीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, माल द्यायला एसटीनं येतात आणि परत जाताना कामं उरकतात. पुतण्याच्या दुकानाच्या उद्घाटनाचा बोर्ड करायचा होता. मी त्यांचा मजकूर टाइप करत होतो आणि माझी बोटं एका अक्षराच्या जागी तीन अक्षरं मारत होती. तोंडात वेलदोडा होता. वेलदोड्यानं वास जातो असं ज्यांना वाटतं ते फक्त पिणारेच असतात. गृहस्थांनी मजकूर तपासला. पैसे दिले, पावती खिशात घातली आणि जाता जाता हळूच म्हणाले, "पावणं, सकाळचं लागतंय न्हवं? मलाबी लागत हुतं."

मला राग आला. माझ्या दुकानात येऊन हा कोण मला विचारणार? पण 'मलाबी' हा शब्द डोक्यातून जाईना. आतापर्यंत दारूबद्दल माझ्याशी बोलणारा प्रत्येक माणूस वरच्या पायरीवरून बोलला होता. डॉक्टर वरून, मेहुणा वरून, सासरे तर माडीवरूनच. हा माणूस माझ्या शेजारच्या पायरीवर बसून बोलला. बोर्ड न्यायला ते परत आले तेव्हा मीच विचारलं, तुम्ही कशी सोडली? ते म्हणाले, एकट्यानं सोडली न्हाय. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. आधी डॉक्टरकडे जायचं, कारण रोज सकाळी लागणाऱ्या माणसानं आपल्या मनानं एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. आणि दुसरं, संध्याकाळी त्यांच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, बैठकीला यायचं. आम्ही सगळे एकाच दुखण्याचे आहोत, एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, यकृत सुजलंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि कुणातरी जबाबदार माणसाला बरोबर घेऊन या म्हणाले. मी बायकोला घेऊन गेलो. ते दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. घाम, उलट्या, भिंतीवर नसलेली झुरळं. बायको उशाशी बसून घाम पुसत होती, पण तिला हे खरं वाटत नव्हतं. तिनं असे श्रावण खूप बघितले होते.

बैठक एका प्राथमिक शाळेच्या वर्गात भरायची. मुलांची बाकं, त्यावर आम्ही मोठे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. मला वाटलं होतं भजन असेल, नाहीतर कुणीतरी माइक घेऊन दारूचे दुष्परिणाम सांगेल, मग दिवा लावून शपथ होईल. तसलं काहीच नव्हतं. कुणी आडनाव विचारत नव्हतं, कुणी गाव विचारत नव्हतं. कोल्हापुरात आडनाव आणि गाव न विचारता माणूस माणसाशी बोलतो हे मी तिथंच पहिल्यांदा बघितलं. ज्याला वाटेल त्यानं बोलायचं, न वाटेल त्यानं नुसतं ऐकायचं. आणि इथलं ऐकलेलं इथंच ठेवून जायचं.

त्या संध्याकाळी इस्त्रीच्या कपड्यातले एक साहेब बोलले. बँकेतून निवृत्त झालेले असावेत असं वाटण्याजोगे. ते बाटली संडासाच्या फ्लशच्या टाकीत लपवायचे. एकदा घरात पाहुणे आले आणि प्लंबर बोलवावा लागला, ती हकिगत त्यांनी सांगितली. सगळे हसले, तेही हसले. मी शाईच्या रिकाम्या कॅनमध्ये लपवायचो आणि हा शोध जगात फक्त मी लावलाय असं मला वाटत होतं. मी ते सांगितलं. पुन्हा सगळे हसले. मागच्या बाकावरचा एक रिक्षावाला म्हणाला, मी स्टेपनीत. इतकी वर्षं जे मी जीव खाऊन लपवलं होतं त्यावर त्या वर्गात लोक हसत होते, आणि मला अपमान वाटत नव्हता. बाहेर पडलो तेव्हा मला हलकं वाटत होतं, हे मी सरळच सांगतो.

हुपरीच्या मामांनी मला आपला नंबर दिला. मामा मीच म्हणायला लागलो. ते मात्र मला पावणंच म्हणायचे, अजून म्हणतात. प्यावंसं वाटलं की पिण्याआधी फोन करायचा, प्यायल्यानंतर नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. मी आजन्म सोडतो असं म्हणायला गेलो तर त्यांनी थांबवलं. आजच्या दिवसाचं बोला, म्हणाले.

आता रस्सा मंडळाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीतले आम्ही काही जण बुधवारी नाहीतर रविवारी कुणाच्यातरी शेतावर जायचो. हातकणंगल्याच्या अलीकडे एकाचं शेत होतं. तिथं चूल मांडायची, मटण शिजवायचं, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा आणि प्यायचं. आमच्यात सगळ्यात मोठ्या आवाजाचा जो गडी होता तो माझा लहानपणापासूनचा मित्र. मांडव घालायचा त्याचा धंदा. गणपतीत माइक त्याच्याकडे असला की पुढच्या चौकातल्या मंडळाला आपला माइक बंद करावा लागतो. मनानं मोठा, हातानं सैल, आणि पोटात एक गोष्ट राहील तर शपथ.

श्रावण संपला तरी मी रस्स्याला गेलो नाही. मित्र दोन-तीनदा बोलवायला आला. पोट बिघडलंय म्हणालो, पाहुणे आलेत म्हणालो. शेवटी तो दुकानात येऊन ठाण मांडून बसला आणि म्हणाला, आमचं काय चुकलंय ते सांग. मग मला राहवलं नाही. दारू सोडली म्हणून सांगितलं. बैठकीचं सांगितलं नाही, फक्त सोडली एवढंच. कुणाला बोलू नको, असंही निक्षून सांगितलं. त्यानं माझे दोन्ही खांदे धरले, डोळ्यात पाणी आणलं आणि काही न बोलता निघून गेला. तो काही न बोलता गेला याचाच मला संशय यायला पाहिजे होता.

चार-पाच दिवसांनी सकाळी दुकानाकडे येताना दूधवाल्यानं गाडी थांबवून माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन म्हणाला. पुढे औषधाच्या दुकानदारानं काउंटरमागून नमस्कार केला. मला काही उमगेना. चौकात आलो आणि समोर मी होतो. विजेच्या खांबाच्या उंचीचा.

वर लिहिलं होतं, 'आमचे जिवलग मित्र, युवा उद्योजक'. पन्नाशीला आलेल्या माणसाला युवा म्हणायची पद्धत मीच या गावात रुळवलीय, त्यामुळे तिथं मला बोलायला जागा नव्हती. त्याखाली मोठ्या लाल अक्षरात, 'यांनी आजन्म दारू सोडण्याचा धाडसी निर्णय घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' माझ्यामागं वाघ. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेले रस्सा मंडळाचे सगळे चेहरे, ज्यातल्या एकानंही स्वतः सोडलेली नव्हती. आणि हे सगळं दुसऱ्याच्या दुकानात छापलेलं. सरप्राइज राहावं म्हणून. माझ्या हातात गुलाबांचा गुच्छ होता. तो फोटो मी ओळखला. शेतावरच्या एका पार्टीतला, तेव्हा हातात ग्लास होता. ग्लास काढून तिथं गुच्छ चिकटवला होता, पण बोटं काही बदलली नव्हती. गुच्छ असा कुणी धरत नाही. ही कलाकारी मी किती जणांसाठी केली होती, त्यामुळे मला ती लांबूनच दिसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या वर्गात माझं आडनावही कुणाला माहीत नव्हतं त्या वर्गात मी जरा कुठं श्वास घ्यायला लागलो होतो, आणि इथं चौकात माझी वरात निघाली होती. मित्राला फोन लावला. त्यानं उचलला नाही, कुठेतरी मांडव चालला असणार. दुकान उघडलं नाही. गाडी वळवली आणि सरळ नेहमीच्या परमिट रूमला गेलो. आजन्म काय, आज दुपारपर्यंतसुद्धा नाही, बघा तुमचा बोर्ड, असं मनात बोलत होतो.

कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. वेटर जुना, माझा ब्रँड त्याला पाठ. तो आला आणि त्यानं टेबल पुसलं, पण ऑर्डर घेईना. मी बोलल्यावर त्यानं हात जोडले. "मालक, तुमचं डिजिटल लागलंय की चौकात. आमच्या हातनं नको. सोडा घेताय काय, थंडगार?" बाजूच्या टेबलावरचे दोघं माझ्याकडे वळून बघायला लागले. मला वाटलं जमीन फाटावी. कोल्हापूर शहरात पिण्याची मला बंदी झाली होती, आणि तीसुद्धा वाघाच्या फोटोसकट.

मी बाहेर पडलो आणि हायवेच्या दिशेनं निघालो. तिथं मला कोण ओळखणार होतं? हायवेला लागलो, पहिला ढाबा दिसला, गाडी कडेला घेतली. हात खिशात गेला तो पैशाच्या पाकिटासाठीच गेला होता, पण फोन आधी हाताला लागला. मी मामांना लावला. एवढं एक काम त्या दिवशी मी शहाण्यासारखं केलं.

मामांनी उचलला. मागून ठोकण्याचा बारीक आवाज येत होता. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बोर्ड, वाघ, वेटर, ढाबा, सगळं एकदम बोललो असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, घेतलीय काय? नाही म्हणालो.

"मग गाडी हुपरीकडं वळवा. फोन बंद करू नका. चालूच खिशात ठिवा आणि या."

मी फोन स्पीकरवर करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि निघालो. रस्त्यात बार लागत होते, देशी दारूची दुकानं लागत होती. खिशातून मामांचा आवाज येत होता. ते मला उपदेश करत नव्हते. सुनेला चहा टाकायला सांगत होते, कुणालातरी तार जाड झाली म्हणून ओरडत होते, मधेच म्हणत होते, पावणं, कुठवर आलासा? मी गाडीवरून ओरडून सांगत होतो. खताचा ट्रॅक्टर आडवा आला तर तेही सांगितलं. ते म्हणाले, त्याच्या मागनंच या, घाई न्हाय. असा मी हुपरीला पोचलो.

घराच्या पुढच्या सोप्यातच त्यांचा कारखाना. मामा खाली बसून बर्नरच्या ज्योतीवर पैंजणाचे जोड तापवत होते. त्यांची बायको आणि सून घुंगरू ओवत होत्या. कुणी मला काही विचारलं नाही. सुनेनं चहा दिला आणि मामांनी माझ्यापुढे एक पक्कड आणि घुंगरांची वाटी सरकवली. कडीत घुंगरू अडकवायचं आणि कडी दाबायची. मी वाकडीतिकडी करत होतो, मामी हसत होत्या आणि माझ्या हातातलं घेऊन पुन्हा सरळ करत होत्या. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मला प्यायचं आहे हे मी काही वेळ विसरलो होतो.

मग मामांनी बोर्ड बघायला मागितला. मित्रांनी तो व्हॉट्सॲपवर टाकलेलाच होता. मामांनी चष्मा लावला, बघितलं आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मामींना पाणी आणावं लागलं. मला राग यायला लागला होता. पण एवढा म्हातारा माणूस टोपी काढून डोळे पुसत हसतोय म्हटल्यावर मलाही हसू फुटलं. हसतानाच रडू आलं. ते सगळ्यांसमोर आलं आणि मी ते आवरलं नाही.

मला बोर्डाची लाज वाटत नव्हती, हे तिथं बसून माझ्या लक्षात आलं. मला 'आजन्म' या शब्दाची भीती वाटत होती. मी मामांना तसं सांगितलं. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं खोटं ठरलं तर मी गावात तोंड कसं दाखवू? मामांनी ज्योत बारीक केली.

"आजन्माचं बोर्ड बघंल की. त्याला काय, तो खांबालाच बांधलाय. तुम्ही आज रातच्या जेवणापतोर बघा."

संध्याकाळी घरी आलो. वाटेत चौक टाळायचा म्हणून मागच्या गल्लीनं आलो. बायकोसमोर बसलो आणि दिवसभरात काय झालं ते सगळं सांगितलं, बारसकट. असं सगळं सांगायची मला सवय नव्हती. शेवटी म्हणालो, मी पीत होतो हे आता सगळ्या गावाला कळलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

"लोकांना काय आज कळलं व्हय, तुम्ही पीत होता ते? ते कळायला बोर्ड लागत नव्हता. सोडलीय हे कळायलाच लागला."

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. गटारीला पडलेला मला सगळ्यांनी बघितलं होतं. रिक्षावाल्यांनी घरी आणून टाकलं होतं. मेहुण्याच्या लग्नात मी काय केलं ते सगळ्या पाहुण्यांना तोंडपाठ होतं. लपलेला होतो तो फक्त मी माझ्यापासून.  मग ती म्हणाली, ती सकाळी भाजीला जाताना चौकात थांबली होती. बोर्डाचा फोटो काढला आणि माहेरी पाठवला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दलचं काहीतरी तिनं आपणहून माहेरी कळवलं होतं. तिच्या डोळ्यात अजून पुरता विश्वास नव्हता, पण फोटो तिनं पाठवला होता. मला तेवढं पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या गोडाऊनला गेलो. वाटेत शिव्या जुळवून ठेवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा घातल्याही. तो खुर्च्या मोजून टेंपोत भरत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर गोंधळून माझ्याकडे बघितलं. चांगलं काही झालं की बोर्ड लावायचा, मग हे चांगलं झालं नाही काय, असं त्यानं विचारलं. वाईट वाटायचं काय कारण हे त्याला समजतच नव्हतं. याच्याशी भांडून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो बोर्ड उतरवतो म्हणाला. मी म्हणालो, राहू दे रविवारपर्यंत. पण रविवार यायच्या आधीच महापालिकेची गाडी आली आणि चौकातले सगळे अनधिकृत बोर्ड घेऊन गेली. दोन वाढदिवस, एक निवड आणि मी, असे आम्ही एकाच ट्रॉलीत गेलो.

बैठकीत मी ही हकिगत सांगितली तेव्हा ते निवृत्त साहेब इतके हसले की बाकावरून खाली घसरले. पुढं मी जात राहिलो. प्यावंसं वाटायचं, अजून वाटतं. दसऱ्याला वाटलं, दिवाळीत वाटलं, उगाच एखाद्या मंगळवारी दुपारी वाटलं. प्रत्येक वेळी फोन केला. हळूहळू माझा हात माउसवर नीट बसायला लागला आणि लोकांचे कान परत जागेवर आले. बायकोनं एकदा न विचारताच माझ्या ताटाशेजारी स्वतःचं ताट वाढून घेतलं. आम्ही किती दिवसांनी एकत्र जेवलो ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

मग एका संध्याकाळी माझा मित्र दुकानात आला. मंडळाच्या कार्यक्रमाचा बोर्ड सांगायला आला होता. मजकूर सांगून झाला, रंग ठरला, तरी तो उठेना. स्टुलावर बसून छपाईच्या मशीनकडे बघत राहिला. मी त्याला नीट बघितलं. डोळे पिवळसर झाले होते. तोंडात वेलदोडा होता. लहानपणापासून बघतोय त्याला, पण असा हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"तू जातूस तिथं," तो म्हणाला, "बोर्ड लावत्यात काय रं?"

बैठकीचं मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. पण हा गडी गावातल्या सगळ्या शाळांचे मांडव घालतो, माझी गाडी कुठं थांबते हे त्याला माहीत असणारच. मी म्हणालो, नाही. तिथं आडनावसुद्धा विचारत नाहीत. त्यानं मान हलवली. शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. मग येईन म्हणतो, म्हणाला. बाहेर गेला, परत आत आला आणि म्हणाला, एकट्याला जमणार नाही, तू चल. डॉक्टरचंही मी त्याला सांगितलं, आणि त्याला घेऊन गेलोही.

डॉक्टरांच्या गोळ्या संपल्यावर तो पहिल्यांदा बैठकीला आला. दारात थांबला. गावातल्या कुठल्याही स्टेजवर न बोलावता चढणारा हा माणूस त्या छोट्या वर्गाच्या उंबऱ्यावर पाय अडवून उभा होता. मी आत जाऊन बसलो आणि शेजारची जागा सरकून दिली. तो येऊन बसला. बाक आम्हा दोघांच्या वजनानं कुरकुरलं. एक एक जण बोलत होता. त्या दिवशी हुपरीच्या मामांना एसटी मिळाली नव्हती, ते आले नव्हते, त्यामुळे याच्या शेजारचा जुना माणूस असा मीच होतो. मला ते विचित्र वाटत होतं.

त्याची पाळी आली. सगळे थांबले. बोललंच पाहिजे असं नाही, मी हळूच त्याला सांगितलं. तो दोन्ही हात गुडघ्यात घालून बाकाकडे बघत होता. घसा खाकरला. माइकवर जो आवाज दोन चौक पार करतो तो आवाज शेजारी बसलेल्या मला जेमतेम ऐकू आला.

"मला भ्या वाटतंय."

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामानं ओला होता.

"मलाबी वाटतंय," मी म्हणालो. "रोज वाटतंय. म्हणून तर येतो हितं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तो स्टेपनीवाला रिक्षावाला पुढच्या बाकावरून मागं वळला आणि म्हणाला, मलाबी. आणि आम्ही तिघं तसेच बसून राहिलो, चहा येईपर्यंत.